वेताळाला प्लास्टिकच्या पेटीत घालायचं का?

कवटीची अंगठी (पर्वरी)

चवथीला आलेल्या मावसभावाने माझ्या कपाटातली मराठी इंद्रजाल कॉमिक्स (वेताळ, म्हणजे फँटम, याच मालिकेतला) पाहिली आणि जेवणाच्या आधीच हिशेब मांडला. "अमेरिकेला पाठव, नंबर लावून आण, मग भाव बघ." तो मोदक खाऊन गेला, डोक्यात किडा मात्र सोडून गेला. म्हणून हा धागा.

ज्यांना प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फ्लोरिडातली सीजीसी ही कंपनी २००० सालापासून जुनी कॉमिक्स तपासते आणि ०.५ ते १० या पट्टीवर गुण देते. अंक मग कडक पारदर्शक पेटीत बंद होतो, वर लेबल, लेबलावर आकडा. या पेटीला स्लॅब म्हणतात. अंक वाचायचा तर पेटी फोडायची, आणि पेटी फोडली की आकडाही गेला.

आपल्या मराठी अंकांना हे करू नये असं माझं मत आहे, आणि खर्च हे त्याचं कारण नाही. गुण कशाला मिळतात बघा. कोपरे टोकदार आहेत का, कण्यावर पिनांजवळ बारीक चिरा पडल्यात का, मुखपृष्ठाचा रंग झळाळतोय का, आतला कागद पांढरा राहिलाय की पिवळा पडलाय. थोडक्यात, अंक जितका कमी वाचला गेला तितके गुण जास्त.

इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये 'द फँटम्स बेल्ट' या अंकाने सुरू झालं आणि १९९० साली बंद पडलं. आठशेच्या वर अंक निघाले. त्यातले माझ्या हाती लागलेले बहुतेक मराठी अंक पुस्तकं भाड्याने देणाऱ्या दुकानांतले. दहा-बारा अंक एकत्र शिवलेले, वर रेक्झिनचा पुठ्ठा, तिन्ही कडा यंत्रावर समान कापलेल्या, पहिल्या पानावर जांभळा रबरी शिक्का आणि खाली कुणीतरी हाताने लिहिलेलं 'पाने दुमडू नयेत'. माझा बहादूरचा गठ्ठा असाच आहे. (बहादूर आबिद सुरतींनी १९७६ मध्ये आणला, वेताळ-मँड्रेकच्या गर्दीत तो आपल्या मातीतला.) कापलेली कड, शिक्का, शिलाईची भोकं हे सगळं तपासणाऱ्याच्या लेखी दोष. माझ्या लेखी तो त्या अंकाचा प्रवास. आणि जिथे अंक मिळतो की नाही हाच प्रश्न आहे, तिथे कोपऱ्याला किती गुण देणार?

बोला आता.

नोटावेडा (मडगाव)

अंगठीबाब, भावना पोचल्या, पण असहमत.

मी कॉमिक्सवाला नव्हे, नोटांवाला. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने आपल्या गोव्यासाठी काढलेल्या नोटा जमवतो, रुपियाच्या आणि १९५९ च्या एस्कुदोच्याही. पूर्वी प्रत्येक विकणारा 'अगदी कोरी' म्हणायचा. घरी आणून उजेडात धरली की कळायचं, धुतलेली आहे, इस्त्री मारलेली आहे, पिनेचं भोक खळीने बुजवलंय. त्यामुळे घेणारा तोंड उघडायच्या आधीच मनातल्या मनात निम्मा भाव कापायचा, आणि खरंच कोरी नोट असलेला माणूस फुकट मरायचा. सीजीसीचीच भावंड कंपनी पीएमजी नोटांना गुण देते. तशा पाकिटातल्या नोटेवर निदान हा वाद होत नाही.

नंबर लावल्याने भाव 'वाढतो' असं आपण म्हणतो. मी म्हणतो, संशयाची वजावट बंद होते.

आणि अंक दुर्मिळ आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? सीजीसी तपासलेल्या अंकांची मोजदाद उघड ठेवते, कुठल्या अंकाच्या किती गुणांच्या किती प्रती आल्या ते कुणीही बघावं. आपल्याकडे प्रत्येकाला आपल्या कपाटातला अंक दुर्मिळ वाटतो, कारण शेजाऱ्याचं कपाट कुणी उघडून बघितलेलं नाही.

पावसाळी (डिचोली)

दोघांनाही +१. अंगठीबाब, कपाट लोखंडी की लाकडी? लाकडी असेल तर उत्तर लिहायच्या आधी उघडून बघा.

कवटीची अंगठी (पर्वरी)

लोखंडी. डांबराच्या गोळ्याही आहेत. पुढे चला.

मलपृष्ठ (फोंडा)

माझी पोळलेली बोटं दाखवते.

दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मराठी अमर चित्र कथेचे सहा जुने अंक मागवले. फोटो सुरेख. 'जवळजवळ नवे, पहिली आवृत्ती.' पैसे आधी. पार्सल उघडलं तर दोन अंकांची मुखपृष्ठं दुसऱ्याच प्रतींची, नव्या पिना मारून बसवलेली. पिना चकचकीत होत्या म्हणून पकडलं. आपल्या हवेत पन्नास वर्षांची पिन चकचकीत राहते होय? नवरा म्हणाला, कागदच तो, सोड. मी तीन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही.

पण खरी फसवणूक पिनांची नव्हती, आवृत्तीची होती. अनंत पैंनी १९६७ मध्ये मालिका सुरू केली तेव्हापासून तेच अंक पुन्हा पुन्हा छापले गेलेत. जुनी छपाई ओळखायची तर मलपृष्ठावरची अंकांची यादी कुठल्या नावापर्यंत आलीय ते बघायचं, छापील किंमत बघायची, पत्ता बघायचा. (म्हणून तर हे टोपणनाव.) माझ्या सहातला एकही पहिल्या छपाईचा नव्हता.

तेव्हा नोटावेडा यांचं निम्मं पटतं. तिसरा माणूस हवाच. पण फ्लोरिडातला तिसरा माणूस पिना ओळखेल, कोपरे मोजेल, मराठी यादी वाचेल का? मराठी अंकाच्या किमतीत कोपऱ्यापेक्षा ती यादी महत्त्वाची. आवृत्ती न ओळखता ८.५ लिहून दिलं तर ते माझ्या त्या विक्रेत्याच्याच कामाचं.

तारवट्याचा नातू (वास्को)

माझा आजोबा तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला. दर खेपेला बंदरांवरून कॉमिक्स आणायचा. ती ट्रंक कोठीत पुरुमेताच्या (पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या) सामानाला खेटून असायची, आजही उघडली की आधी सुक्या बांगड्याचा वास येतो आणि मग स्पायडर-मॅन दिसतो.

त्या ट्रंकेत 'इन्क्रेडिबल हल्क' १८१ निघाला. नोव्हेंबर १९७४, छापील किंमत २५ सेंट. वूल्व्हरिन हा पुढे गाजलेला नायक आदल्या अंकाच्या शेवटच्या पानावर फक्त तोंड दाखवून जातो, पुरता भेटतो तो यात. माझे हात थरथरत होते. मुखपृष्ठ छान, कणा छान. मग वाचकांच्या पत्रांचं पान उघडलं आणि पानात खिडकी!

मार्व्हल त्या काळात अंकात टपाल-तिकिटासारखं चित्र छापायचं, पोरांनी कापून जमवावं म्हणून. आमच्या बाबांनी इमानदारीत कापलं आणि गणिताच्या वहीला चिकटवलं. वही रद्दीत गेली. असा अंक सीजीसीकडे गेला तर बहुधा हिरवं लेबल मिळतं, म्हणजे 'गुण इतके, पण हे एवढं नाही'. पूर्ण अंकाचा भाव आणि हिरव्या लेबलाचा भाव यांत दरी आहे. बाबा अजून म्हणतात, "अरे एवढासा तुकडा तो!"

माझा मुद्दा एवढाच, की या अंकाला जगभर गिऱ्हाईक आहे आणि त्यातलं एकही वास्कोला येऊन पान उघडून बघणार नाही. तिथे कुणीतरी पानं मोजलेली हवीत. म्हणून हल्क पाठवेन, वेताळ नाही पाठवणार. वेताळाचं गिऱ्हाईक इथेच आहे, कदंब बस पकडून येईल.

आकडेमोड (पणजी)

नोटावेडाबाब, 'संशयाची वजावट' हे ऐकायला छान आहे, पण त्याला मोठं भोक आहे. नुसता संशयच गेला असता तर गुणांबरोबर भाव बेताबेताने चढला असता. तसं होत नाही. ९.४ आणि ९.६ यांतला फरक मला भिंग घेऊनही सांगता यायचा नाही, तरी वरच्या टोकाला प्रत्येक पायरीवर भाव उडी मारतो. तिथे माणूस अंक घेत नाही, मोजदादीतली वरची जागा घेतो. ज्या मोजदादीचं तुम्ही कौतुक केलंत ती उडीला हातभारच लावते.

आणि उडी आली की उड्या मारणारेही आले. अंकाला ऊब आणि दाब देऊन दुमडी सपाट करायच्या, मग पाठवायचा. सीजीसी त्याला दुरुस्ती धरत नाही. चिरेवर रंगाचा ठिपका दिला तर मात्र जांभळं लेबल, दुरुस्त केलेला माल. गुण कमी आले वाटलं की पेटी फोडायची, पुन्हा पाठवायचा, यावेळी तपासणारा उदार निघेल या आशेवर. हे लोक उघडपणे करतात. २०२३ च्या अखेरीस तर खुद्द कंपनीनेच कबूल केलं की कुणीतरी पेट्यांशी छेडछाड करून आत भलताच अंक घालत होता. इस्त्रीची नोट काय, न् हे काय.

दुसरं. आकडा स्थिर असतो, भाव नसतो. स्पायडर-मॅनचा पहिला अंक म्हणजे 'अमेझिंग फँटसी' १५, ऑगस्ट १९६२, १२ सेंट. त्याची ९.६ ची प्रत २०११ मध्ये ११ लाख डॉलरला गेली, २०२१ मध्ये ९.६ चीच प्रत ३६ लाखांना. सुपरमॅनचा पहिला, १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' १: २०१४ मध्ये ९.० ची प्रत ३२ लाख डॉलर, २०२४ मध्ये ८.५ ची, म्हणजे कमी गुणांची, ६० लाख. त्या त्या दिवशी कोण पुढे उभं राहणार एवढंच गुण सांगतात. दुकान उघडं राहणार की बंद, ते नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत चढ्या भावाने स्लॅब घेतलेल्यांना विचारा, पेटीतला आकडा तोच आहे, पुढे भाव उतरले तेव्हा त्याचा काय उपयोग झाला.

अंगठीबाबांच्या मावसभावाला हेही सांगा की किमती अंकाची फी अंकाच्या किमतीवर ठरते. जाण्यायेण्याचं टपाल आणि विमा वेगळा. चारशे रुपयांच्या अंकाला कोण हा नैवेद्य दाखवणार?

नोटावेडा (मडगाव)

आकडेमोड, सगळे आकडे मान्य. पण ते ३६ लाख डॉलर कुणीतरी अंक हातात घेऊन न चाळताच मोजले ना? 'बरी आहे हो प्रत' एवढ्यावर तुम्ही ३६ हजार रुपये तरी द्याल? छेडछाड झाली, खरं आहे. खोट्या नोटा निघतात म्हणून आपण पगार नारळांत घेत नाही.

फीचा मुद्दा मात्र बिनतोड. अंकाचा भाव जास्त तर तपासणाऱ्याचीही कमाई जास्त, हे मलाही खटकतं.

बांधणीवाली (म्हापसा)

तुम्ही सगळे भावाबद्दल बोलताय. मी जुन्या कागदांची दुरुस्ती आणि बांधणी करते, मला या धाग्यात ओल दिसतेय.

कॉमिक्सचा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहतं, उजेड आणि हवा लागली की पिवळं पडतं, कागदातलं आम्ल त्याला ठिसूळ करतं. हे कुठेही होतं. इथे वर चार महिने पाऊस. स्लॅब बघून लोकांना वाटतं अंक आता सुरक्षित. त्या पेट्या हवाबंद नसतात. ओल आत जाते, आणि गेल्यावर तुम्ही पेटी फोडल्याशिवाय पान उलटून बघूही शकत नाही. अंगठीबाब निदान दर महिन्याला उघडून कसर झटकू शकतात.

आता खरी गंमत. गंजलेली पिन कागद खाते. आधी तपकिरी डाग, मग भोक, मग मधलं पान सुटून हातात. माझ्याकडे असा अंक आला तर पहिलं काम मी करते ते म्हणजे पिना काढून सुती दोऱ्याने शिवणं. अंक आणखी पन्नास वर्षं जगतो. आणि गुण देणाऱ्याच्या लेखी तो आता 'मूळ' राहिला नाही, लेबल बदललं, भाव पडला! म्हणजे पिन तशीच ठेवा आणि हळूहळू सडू द्या, किंवा वाचवा आणि किंमत घालवा. हा हिशेब मला अजून कुणी समजावून दिलेला नाही.

तारवट्याचा नातू (वास्को)

बांधणीवाली ताई, ट्रंकेतल्या बांगड्याच्या वासावर काही उपाय?

बांधणीवाली (म्हापसा)

खाण्याचा सोडा वाटीत घालून अंकासोबत बंद डब्यात ठेवा, अंकाला लागू देऊ नका. महिनाभर. थोडा वास राहील, त्याच्यावर प्रेम करायला शिका.

कवटीची अंगठी (पर्वरी)

काल रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. मी पहिल्या पोस्टमध्ये गुण देण्यालाच नाही म्हटलं, तो अतिरेक झाला. मलपृष्ठ यांच्यासारखं कुणाचं होत असेल तर 'माझ्या लेखी प्रवास' वगैरे बोलून मी विक्रेत्याच्याच बाजूला उभा राहतो. शिक्का आणि कापलेली कड मला प्रिय असेल, पण घेणाऱ्याला ती आहे हे सांगायला तर हवंच.

तरीही पेटी नको. बहादूरचा एक अंक माझ्याकडे दोनदा आहे, त्यातला एक द्यायचा आहे. तर आकड्याऐवजी हे घ्या: मराठी, सुटा, गठ्ठ्यातून सोडवलेला, कण्याला शिलाईची पाच भोकं. तिन्ही कडा कापलेल्या, उजवीकडे एका फुग्यातल्या संवादाचं शेवटचं अक्षर गेलंय. पहिल्या पानावर शिक्का, गाव वाचता येतं, दुकान नाही. पानं मोजली, सगळी आहेत. पिना दोन, दोन्ही मूळच्या, खालची गंजलेली, डाग मधल्या चार पानांवर. मलपृष्ठावर निळ्या शाईत एका मुलीचं नाव आणि 'इयत्ता ६ वी'. वीस फोटो काढलेत, पिनांचे जवळून.

मलपृष्ठ (फोंडा)

असं वर्णन मला कुणी दिलं असतं तर नवऱ्याशी अबोला झाला नसता. छापील किंमत राहिली. आणि मलपृष्ठाचा अख्खा फोटो टाका, फक्त नावाचा नको.

आकडेमोड (पणजी)

शेवटचं अक्षर कुठलं गेलंय?

कवटीची अंगठी (पर्वरी)

'पळा'तला 'ळा'. फोटो संध्याकाळी टाकतो, किंमतही.

नोटावेडा (मडगाव)

फोटो राहू द्या. शनिवारी पर्वरीला येतोय, हातात घेऊन बघतो. तोवर पिनांना हात लावू नका.

बांधणीवाली (म्हापसा)

खालची पिन आजच काढा.