वहिनीची परीक्षा आणि साडेअठरा मिनिटं

वहिनी: सगळ्यांना सुप्रभात. इथे शनिवारची रात्र आहे, मुलं झोपली, आता अभ्यासाला बसलेय. पुढच्या महिन्यात अमेरिकेच्या सिटिझनशिपची मुलाखत. माझा अर्ज जुन्या यादीच्या वेळचा आहे, म्हणजे १०० प्रश्न पाठ करायचे, त्यातले दहापर्यंत विचारतात, सहा बरोबर आले की झालं. त्यात एक प्रश्न आहे: सरकारची एक शाखा फार बलवान होऊ नये म्हणून काय असतं? उत्तर ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ (शाखांचा एकमेकींवर अंकुश) किंवा ‘सेपरेशन ऑफ पॉवर्स’ (सत्ताविभाजन). पाठ झालं. पण बातम्यांत सारखं ‘एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज’ ऐकते. राष्ट्राध्यक्षच म्हणतो की कागद देत नाही, माझा माणूस साक्षीला येणार नाही. मग तो चेक राहिला कुठे?

दादा: मी तिला सांगितलं की हे परीक्षेत येत नाही.

वहिनी: परीक्षेसाठी नाही विचारत. हात वर करून शपथ घ्यायची आहे त्या घटनेची. मला कळायला हवं.

नानाकाका: मेघना, प्रश्न चांगला आहे. माझं मत सांगतो. राष्ट्राध्यक्षाला चार माणसांशी मोकळं बोलता आलंच पाहिजे. आज बोललो ते उद्या संसदेत वाचून दाखवणार म्हटल्यावर खरा सल्ला कोण देईल? मी बँकेत ३२ वर्षं काढली. कर्जाच्या मीटिंगमध्ये मिनिट्स लिहायला कोणी बसलं की अर्धी माणसं गप्प व्हायची. चहाला बाहेर आलो की तीच माणसं सांगायची, हा मनुष्य पैसे बुडवणार. ही गुप्तता हवीच.

चिनू: काका, पण अमेरिकेच्या घटनेत हा शब्दच नाही. आम्हाला पेपरला होतं. नाव तर १९५० च्या दशकात रूढ झालं.

नानाकाका: नाव नंतर ठेवलं म्हणून मूल आधी जन्मलं नव्हतं का?

चिनू: ते मान्य. पहिल्या राष्ट्राध्यक्षापासून, म्हणजे वॉशिंग्टनपासूनच सुरू आहे. १७९१ च्या नोव्हेंबरमध्ये जनरल सेंट क्लेअरच्या फौजेचा तिकडच्या मूळ जमातींनी धुव्वा उडवला, ६०० हून अधिक सैनिक गेले. प्रतिनिधिगृहाने, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाने, चौकशी लावली आणि युद्धखात्याचे कागद मागितले. वॉशिंग्टनने जेफरसन, हॅमिल्टन वगैरे मंत्र्यांना बोलावून विचारलं, द्यायचे की नाही? ठरलं असं की सभागृहाला मागायचा हक्क आहे, पण ज्यानं देशाचं नुकसान होईल असा कागद राष्ट्राध्यक्ष रोखू शकतो. आणि एवढं ठरवून त्या वेळी कागद देऊन टाकले.

वहिनी: दिले? मग वाद कसला?

चिनू: वाद १७९६ मध्ये. ब्रिटनशी जो तह झाला, त्याचे कागद प्रतिनिधिगृहाने मागितले. वॉशिंग्टनने साफ नकार दिला. म्हणाला, तहाला संमती द्यायचं काम सिनेटचं, तुमचं नाही. महाभियोगासाठी मागितले असते तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या ठरावात तसं म्हटलेलं नाही. म्हणजे पहिला ठाम नकार ‘हे गुपित आहे’ यापेक्षा ‘हे तुमचं काम नाही’ या मुद्द्यावर होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

नानाकाका: आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर सांग की. १९५४ मध्ये सिनेटर मॅकार्थी लष्कराच्या मागे लागला होता, ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवत होता. तेव्हा आयझेनहॉवरने संरक्षण खात्याला पत्र लिहून कळवलं की आपसातली बोलणी समितीपुढे सांगायची नाहीत. त्यामुळे कितीतरी साधी माणसं वाचली. हा अधिकार वाईटच असता तर ते कसं झालं असतं?

आत्या: आत्ता देवपूजा आटोपून फोन हातात घेतला. सगळं वाचलं. नाना, तुझं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मी तुझ्यापेक्षा जास्त जाणते.

आत्या: मेघना, तुला माहीत नसेल, मी कोर्टात लघुलेखक होते. ३१ वर्षं. साहेब चेंबरमध्ये निकाल सांगायचे, मी शॉर्टहँडमध्ये उतरवायची. कोणाला जन्मठेप होणार, कोण सुटणार, हे भर कोर्टात वाचायच्या आधी दोनच माणसांना ठाऊक, साहेबांना आणि मला. घरी तुझे आजेसासरे जेवताना विचारायचे, काय गं, त्या खटल्याचं काय होणार? मी ताटातलं बघत बसायची. कच्च्या वह्या कपाटात, कपाटाची किल्ली कमरेला. साहेब तीनदा मत बदलायचे, खोडायचे, पुन्हा सांगायचे. ते खोडलेलं बाहेर गेलं असतं तर त्यांनी पुन्हा कधी मोकळेपणी विचार केला नसता. म्हणून बंद दाराची किंमत मला सांगू नकोस.

आत्या: पण मी राष्ट्राध्यक्ष निक्सनचं प्रकरण तेव्हा पेपरात रोज वाचलंय, आणि पुढे नोकरीत लागल्यावर त्यातली एक गोष्ट मला जास्त कळली. ती सांगते. मोठा मेसेज आहे, धीर धरा.

आत्या: १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत पाच जण घुसलेले सापडले. पहारेकऱ्याला दाराच्या कडीवर चिकटपट्टी लावलेली दिसली. काढून टाकली, तर थोड्या वेळाने पुन्हा तिथेच लावलेली. म्हणून त्यानं पोलिसांना बोलावलं. पुढे सिनेटची समिती बसली. १६ जुलै १९७३ ला बटरफिल्ड नावाच्या अधिकाऱ्यानं समितीपुढे सांगितलं की राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत सगळं बोलणं आपोआप टेप होतं. झालं, सगळे त्या टेपांच्या मागे. निक्सननं म्हटलं, देणार नाही, एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज.

आत्या: त्यातली एक टेप २० जून १९७२ ची, चोरीनंतर तीनच दिवसांनी निक्सन आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ हाल्डमन यांच्यातलं बोलणं. त्या टेपवर साडेअठरा मिनिटं नुसती खरखर. सेक्रेटरी रोझ मेरी वुड्सनं कोर्टात सांगितलं की टाइप करताना फोन वाजला, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं आणि फोनवर बोलताना पाय पेडलवरच राहिला, त्यात पाचेक मिनिटं पुसली असतील. मग तिचा फोटो काढला, ती कशी बसली होती ते दाखवतानाचा. डावा हात मागे फोनकडे ताणलेला आणि पाय पुढे पेडलवर.

आत्या: मला एकदा काही महिने एका चौकशीच्या कामावर पाठवलं होतं. तिथे टेप ऐकून टाइप करायचं तसलंच मशीन होतं, पायाखाली पेडल. पाय किंचित हलला तरी टेप थांबते. मी तो फोटो त्यानंतर पाहिला आणि माझ्या कंबरेत कळ आली. त्या बाईची मला दया येते, पण तसं वळून माणूस एक मिनिट बसू शकत नाही. न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञांनी १९७४ च्या जानेवारीत सांगितलं की ती खरखर एका दमात झालेली नाही, किमान पाच वेळा वेगवेगळं पुसलेलं आहे. कोणी पुसलं हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

दादा: हे मला माहीतच नव्हतं. पंधरा वर्षं इथे राहतोय.

वहिनी: आणि म्हणे परीक्षेत येत नाही!

नानाकाका: ताई, गुन्हा झाला हे मी नाकारत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. तिन्ही शाखा बरोबरीच्या आहेत ना? मग न्यायालय राष्ट्राध्यक्षाला ‘दे’ असं कोणत्या तोंडानं सांगणार? तो कोट्यवधी लोकांनी निवडून दिलाय. न्यायाधीशाला कोणी निवडलं?

चिनू: काका, हाच युक्तिवाद निक्सनच्या वकिलानं केला होता. योगायोगानं त्याचंही आडनाव सेंट क्लेअरच. तो म्हणाला, हे आमच्या घरातलं भांडण आहे. वॉटरगेटचा खटला चालवणारा स्पेशल प्रॉसिक्युटर, म्हणजे खास नेमलेला सरकारी वकील, हा कार्यकारी शाखेचाच माणूस, त्याचा वरिष्ठ राष्ट्राध्यक्ष, मग न्यायालयानं मध्ये पडायचं कारणच काय?

वहिनी: थांब. सरकारी वकील राष्ट्राध्यक्षाच्या हाताखालचा आणि तोच राष्ट्राध्यक्षावर समन्स काढतो? मग त्याला काढून नाही टाकलं?

आत्या: काढलं की! २० ऑक्टोबर १९७३, शनिवार. कॉक्स नावाचा तो वकील, टेपा सोडायला तयार नव्हता. निक्सननं अॅटर्नी जनरल (न्यायखात्याचा प्रमुख) रिचर्डसनला सांगितलं, त्याला काढ. रिचर्डसननं राजीनामा दिला. त्याच्या खालच्या रकल्सहाउसला सांगितलं, तोही नाही म्हणाला आणि गेला. तिसऱ्या नंबरच्या बॉर्कनं काढलं. एका रात्रीत. मेघना, तुझ्या त्या ‘चेक्स अँड बॅलन्सेस’मध्ये मी ही दोन माणसंही धरते. घटनेत त्यांचं नाव नाही, पण वरिष्ठाच्या हुकमाला नाही म्हणायला आणि खुर्ची सोडायला त्या संध्याकाळी तेच होते. मी सरकारी नोकरी केली आहे, मला माहीत आहे ते किती जड असतं.

चिनू: मग लोक इतके खवळले की निक्सनला दुसरा नेमावा लागला, जावोर्स्की. त्यानं ६४ संभाषणं मागितली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, या वकिलाला स्वतंत्रपणे खटला चालवायचा अधिकार सरकारनंच नियम करून दिलाय. तो नियम अस्तित्वात आहे तोवर सरकारलाही पाळावा लागेल. त्यामुळे घरातलं भांडण वगैरे चालणार नाही.

नानाकाका: हं. हा मुद्दा पटतो. आपणच काढलेलं सर्क्युलर आपल्याला बांधतं.

चिनू: निकाल २४ जुलै १९७४. आठ विरुद्ध शून्य. लिहिला सरन्यायाधीश बर्गर यांनी, ज्यांना निक्सननंच नेमलं होतं. रेन्क्विस्ट बाजूला राहिले, कारण ते आधी निक्सनच्या न्यायखात्यात होते. आणि काका, तुमचं म्हणणं त्या निकालात आहे. न्यायालयानं मान्य केलं की हा विशेषाधिकार खरा आहे, तो सत्ताविभाजनातूनच येतो. लष्करी, परराष्ट्रीय गुपितं असतील तर न्यायालय फार जपून पाऊल टाकेल. पण निक्सननं तसं काही सांगितलंच नव्हतं. नुसतं ‘आमचं बोलणं खासगी आहे’ एवढ्यावर फौजदारी खटल्यातला नेमका पुरावा अडवता येणार नाही. कारण खटला चालवणं हे न्यायालयाचं काम आहे, आणि पुरावा अडवला की एका शाखेनं दुसऱ्या शाखेचं काम बंद पाडलं असं होतं.

आत्या: आणि टेपा थेट पेपरवाल्यांच्या हाती नाही दिल्या. आधी खटला चालवणारे न्यायाधीश सिरिका यांनी बंद चेंबरमध्ये ऐकायच्या, खटल्याला लागेल तेवढंच काढायचं, बाकीचं परत कुलपात. हे वाचून मला भरून आलं होतं. बंद दार मोडलं नाही. एका बंद खोलीतली वस्तू दुसऱ्या बंद खोलीत नेली, आणि तिथे असा माणूस बसवला ज्याचा त्यात काही स्वार्थ नाही. माझ्या कपाटाची किल्लीसुद्धा मी हायकोर्टानं मागितली असती तर दिलीच असती. ती मला साहेबांसाठी दिलेली होती, साहेबांनी काही गैर केलं असतं तर ते लपवायला नव्हे.

वहिनी: मग त्या टेपांत काय निघालं?

आत्या: २३ जून १९७२ ची टेप. त्यात निक्सन आणि हाल्डमन ठरवतायत की सीआयएला सांगून एफबीआयचा तपास थांबवायचा. चोरीनंतर सहा दिवसांत! ५ ऑगस्टला ती बाहेर आली, ९ ऑगस्टला निक्सन गेला. निकालापासून सोळा दिवस.

नानाकाका: ठीक. मग एक विचारतो. न्यायाधीशही बंद दाराआडच चर्चा करतात. सुप्रीम कोर्टाच्या बैठकीत न्यायाधीशांशिवाय शिपाईसुद्धा नसतो. त्यांची टेप कोण मागणार?

आत्या: कोणी नाही. पण नाना, त्यांना कारणं लिहून, सही करून निकाल द्यावा लागतो. मी टाइप केलेत ना. साहेबांचं मन काय म्हणत होतं ते कोणी विचारत नाही, पण कागदावर कारण टिकलं नाही तर वरचं कोर्ट फाडून काढतं.

चिनू: काकांच्या बाजूनं अजून एक सांगायला हवं. निक्सनच्या काही टेपा सिनेटच्या समितीनंही मागितल्या होत्या आणि अपील कोर्टानं त्यांना दिल्या नाहीत. म्हणजे फौजदारी न्यायालयाला जे मिळालं ते काँग्रेसला, म्हणजे तिकडच्या संसदेला, आपोआप मिळत नाही. तिथे अजूनही घासाघीसच चालते. २०१२ मध्ये ओबामांनी एका प्रकरणात कागद रोखले, प्रतिनिधिगृहानं अॅटर्नी जनरल होल्डर यांना अवमानाचा दोषी ठरवलं, आणि मग वर्षानुवर्षं कोर्टबाजी. दोन्ही पक्ष हेच करतात. सत्तेत असताना गुप्तता प्यारी, बाहेर गेले की पारदर्शकता.

वहिनी: आणि २०२१ च्या ६ जानेवारीला संसदेत झालेल्या दंगलीचे कागद? ते आम्ही इथे बसून टीव्हीवर पाहिलं.

चिनू: त्यात प्रश्न हा होता की हा अधिकार माणसाचा की पदाचा. ट्रम्प तेव्हा माजी होते, ते म्हणाले देऊ नका. पदावरचे बायडन म्हणाले द्या. अपील कोर्ट म्हणालं, ट्रम्प आजही पदावर असते तरी या मागणीपुढे हा दावा टिकला नसता. २०२२ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही कागद अडवायला नकार दिला, एकटे न्यायमूर्ती थॉमस वेगळे. पण माजी राष्ट्राध्यक्षाला पदावरच्याच्या विरोधात हा हक्क नक्की किती, ते मोकळंच ठेवलं.

दादा: आपल्याकडे आहे का असलं काही?

चिनू: आहे. १९७५ मध्ये राज नारायण खटल्यात पंतप्रधानांच्या दौऱ्याच्या सुरक्षेचं ‘ब्लू बुक’ मागितलं होतं. आपलं सुप्रीम कोर्टही म्हणालं की गोपनीय आहे असं सरकारनं म्हणून भागत नाही, न्यायाधीश तो कागद स्वतः बघू शकतात. पण ते पुन्हा कधीतरी, नाहीतर वहिनीचा अभ्यास राहील.

नानाकाका: मी थोडा मागे सरकतो. गुप्तता हवी हे माझं मत कायम. पण ती कुठे संपते हे ज्याचं गुपित त्यानंच ठरवायचं, हे मात्र बँकेतही चाललं नसतं. ऑडिटर आला की मी चाव्या देत होतो.

वहिनी: आत्या, मी आत्ता शिवणाच्या मशीनच्या पेडलवर पाय ठेवला आणि मागच्या टेबलावरचा फोन उचलून यांच्याशी बोलून पाहिलं. हे घड्याळ लावून उभे होते. दोनदा पाय सुटला. मिनिटही झालं नाही.

आत्या: बघ. आता पाठीला शेक घे आणि पुढचा प्रश्न वाच. सिनेटर किती असतात?