खलीचा 'प्लेबॉय' करायला नको होता
एका दादांनी लिहिलंय की विनोदी पात्र केलं म्हणूनच WWE या अमेरिकन कुस्तीच्या शोमधला आपला भारतीय पैलवान ग्रेट खली टिकला. मला अजिबात पटत नाही. 2006 ला आल्या आल्या त्यानं अंडरटेकरसारख्या तिथल्या दिग्गजाला लोळवलं, 2007 च्या जुलैत वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. आणि 2008 मध्ये त्याचा केला 'पंजाबी प्लेबॉय'! गर्दीतल्या बायकांना रिंगमध्ये बोलवायचं आणि किस कॅम, म्हणजे कॅमेऱ्यासमोर चुंबन.

तेव्हा आम्ही कोल्हापुरात गंगावेशीत मित्राच्या घरी टीव्हीला चिकटलेलो असायचो. मित्राचे आजोबा जुने पैलवान, कानाच्या पाळ्या चेमटलेल्या. निकाल आधीच ठरलेला, म्हणजे नुरा कुस्ती, हे त्यांना पक्कं ठाऊक. तरी खलीचा तो हात समोरच्याच्या डोक्यावर पडला की पुढं सरकून बसायचे. किस कॅम सुरू झाला तसे उठले आणि न बोलता बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

सात फुटांच्या माणसाची सगळी कमाई म्हणजे त्याचा दरारा. गुडघे दुखत होते, चपळाई नव्हती, मान्य. मग महिन्यातनं एकदाच उतरवा, पण भीती वाटू दे! एकदा हसलेलं पब्लिक त्याला परत घाबरलंच नाही.