मदत हवी आहे: जुन्या डायना २७ एअर रायफलला छर्रे कोणते घ्यावेत?

कृष्णाकाठ (मिरज)
डायना २७, .१७७ (४.५ मिमी) नळी, सांध्यावर मोडून म्हणजे खाली वाकवून भरायची. वापर फक्त १० मीटरवर कागदी टार्गेटसाठी. सध्या टोकदार छर्रे आहेत, दहा छऱ्यांचा पसारा ६ सेंमी पडतोय. बार मोठा होतो, नळीतून धूर येतो, जळक्या तेलाचा वास येतो. मागच्या आठवड्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. ७ ग्रेन वजनाचे हलके घ्यावेत की १०.५ चे जड? कंपनी कुठली बरी?

दहामीटर
छऱ्यांचं नंतर बघू. धूर आणि वास म्हणजे स्प्रिंगने ढकललेल्या पिस्टनच्या दाबाने तापलेल्या हवेत तेल पेटतंय. त्यात वॉशर जळतो आणि स्प्रिंगही तुटते. मशीनचं तेल पुन्हा नळीत किंवा हवेच्या छिद्रात सोडू नका. जुन्या २७ ला पिस्टनचा वॉशर चामड्याचा असतो, तो कोरडा पडला की दाब जातो. त्याला नीट्सफूट तेल लागतं, घोड्याच्या खोगिराला लावतात ते. नळी मोडा, मागच्या छिद्रात तीन-चार थेंब सोडा आणि रायफल दस्ता खाली ठेवून रात्रभर उभी करा. पुढचे पाच-सहा बार थोडा धूर येईल, मग थांबेल.

दुसरं, लाकडाचे स्क्रू. पसारा अचानक वाढला तर बऱ्याच वेळा हेच कारण निघतं. दस्त्याचे पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचे आवळून बघा. तिसरं, नळी बंद केल्यावर सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि छर्रा भरून बार करा. पट्टी उडाली तर सांध्यातून हवा गळतेय. छर्रा न भरता मोकळा बार कधीच करू नका, पुढे हवेची गादी नसली की पिस्टन लोखंडावर आपटतो.

घाटमाथा (सातारा)
आता छर्रे. वजनाआधी डोक्याचा व्यास बघा. डबीवर ४.५०, ४.५१, ४.५२ असं मिमीमध्ये छापलेलं असतं. अंगठ्याने दाबल्यावर छर्रा नळीच्या तोंडाशी अलगद, थोडा अडत बसला पाहिजे. आपसूक आत पडला तर सैल, शेपटी (छऱ्याची मागची कड) चेपावी लागली तर घट्ट. खरी खूण पाहायची असेल तर मऊ लाकडी काडीने एक छर्रा नळीतून ढकलून बाहेर काढा (लोखंडी सळई नको) आणि भिंगाखाली धरा. डोक्यावर आणि शेपटीवर, दोन्हीकडे रेषा उमटल्या पाहिजेत. फक्त शेपटीवर उमटल्या तर डोकं बारीक, तो छर्रा नळीत डुलत जातो.

वजन ७ ते ८.५ ग्रेनच घ्या. १०.५ ग्रेन म्हणजे ०.६८ ग्रॅम. एवढ्या हलक्या स्प्रिंगला तो जड पडतो, छर्रा सुटायच्या आत पिस्टन मागे उसळतो. टोकदार १० मीटरला कामाचे नाहीत, टोक जरा वाकलं तरी तिरके जातात. कागदाला स्वच्छ गोल भोक हवं तर सपाट डोक्याचे, आरडब्ल्यूएस हॉबी ७ ग्रेनचे आहेत. २० मीटरच्या पुढे गोल डोक्याचे, जेएसबी एक्झॅक्ट ८.४४ ग्रेन. पण कंपनीचं नाव बघून पाच डब्या आणू नका, नळी कुठली पसंत करेल हे कागदच सांगतो.

कृष्णाकाठ
पट्टी उडाली. एक स्क्रू अर्धा फेरा सैल होता. सांध्याचा वॉशर घरी करता येईल का?

दहामीटर
येतो. नळीच्या मागच्या तोंडाभोवतीचा वॉशर काढून त्याच मापाचं कातडं कापा. चप्पल दुरुस्तीवाल्याकडे २ मिमीचं मिळतं. बसवल्यावर तो नळीच्या तोंडाच्या वर किंचित, केसाएवढा उचललेला राहिला पाहिजे. कमी पडला तर खाली कागदाचा गोल घाला, जास्त झाला तर नळी जोर लावून बंद होते आणि सांधा झिजतो. पिस्टनला मात्र घरी हात घालू नका. स्प्रिंग दाबात बसलेली असते, सुतारी शिकंज्याशिवाय उघडली तर टोपण उडतं. शिवाय ट्रिगरमधल्या तीन छोट्या गोळ्या निसटल्या की शोधत बसा.

चाचणी अशी: छर्रा बदलला की आधी दहा बार मोजू नका, नळी त्या शिशाला सरावू दे. मग दहा मोजा. पसारा मोजताना बाहेरच्या कडांचं अंतर घेऊन ४.५ मिमी वजा करा. रायफल आवळून धरू नका, टेबलावर थेट टेकवूही नका. उघड्या तळहातावर, ट्रिगर गार्डच्या जरा पुढे, सैल ठेवा.

घाटमाथा
पावसाळ्यात रेक्झिनच्या कव्हरात ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. पांढरी पूड बसलेले छर्रे टाकून द्या, शिसं हाताळल्यावर हात धुवा. एक आणखी: ४.५ मिमीच्या वरची नळी किंवा २० जूलच्या वर ताकद असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागतो. तुमची .१७७ आहे, आणि ०.५२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटरने गेला तरी साडेआठ जूलच्या आत. पाखरांवर मात्र नको, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

कृष्णाकाठ
वॉशर बसवला, पट्टी हलत नाही. सपाट ७ ग्रेनचे ४.५० आणले, पण अंगठा न लावताच आत पडतात. ४.५२ मागवू का?

घाटमाथा
मागवा. सपाटमध्ये ते माप नसेल तर ८.४४ चे गोल डोक्याचे ४.५२ घ्या, १० मीटरला चालतात, भोकाची कड तेवढी जरा फाटते.