मदत हवी आहे : घरातील एअर डक्टच्या सफाईचा रास्त खर्च किती?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतील आमच्या दुमजली घराच्या डक्टची, म्हणजे खोल्यांत गरम-थंड हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांची, सफाई करून घ्यायची आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार एका हीटिंग-कूलिंग यंत्रणेमागे साधारणतः ४५० ते १,००० डॉलर खर्च येतो आणि तो यंत्रणेचा आकार, आतवर पोहोचण्याची सोय, साचलेली घाण व डक्टचा प्रकार यांवर ठरतो. आमच्याकडे तळघरात पत्र्याचे, तर माळ्यावर लवचिक डक्ट असून जाळी काढली की करडी धूळ बोटाला चिकटते. एका कंत्राटदाराने ९९ डॉलरमध्ये सफाई अशी जाहिरात करून प्रत्यक्षात मुख्य डक्ट, ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) आणि कॉइल (हवा थंड करणारी नळ्यांची गुंडाळी) यांचे वेगळे पैसे सांगितले, जे मला अजिबात पटलेले नाही. दर व्हेंटमागे (खोलीत हवा येण्याच्या तोंडामागे) ठरवावा की संपूर्ण यंत्रणेमागे, आणि लवचिक डक्टसाठी जास्त पैसे मागणे रास्त आहे का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.