वांशिक गटांतली समान मूल्यं: देशाच्या विकासाचा पाया, की नुसती समजूत?

सावली (धागाकर्ती)
'इतक्या जमाती, इतक्या भाषा, मग देश पुढे जाणार कसा?' हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकतेय आणि दर वेळी मला तो चुकीचा वाटतो. भाषा, देव, लग्नाच्या रीती वेगळ्या असल्या तरी खाली बरंच काही सारखं सापडतं. थोरांचा शब्द मानणं, अडल्यानडल्याला हात देणं, शेजाऱ्याचं काम सावडीने उरकणं. हे ओळखून त्यावर देश उभारता येतो.

टांझानिया घ्या. १२० हून जास्त वांशिक गट. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी स्वाहिली भाषा शाळाशाळांत नेली आणि १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर, म्हणजे समाजवादी धोरणाच्या घोषणेनंतर, 'उजामा', म्हणजे कुटुंबभाव, हा शब्द धोरणाच्या मध्यभागी आणला. याचा उपयोग झाला का? अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड मिगेल यांनी केनियातला बुसिया आणि टांझानियातला मेआटू या जिल्ह्यांची तुलना केली (२००४ साली प्रसिद्ध). बुसियात वस्ती जितकी मिश्र, तितकी शाळेसाठी लोकवर्गणी कमी. मेआटूत मिश्र वस्तीमुळे तसं काही अडलेलं दिसलं नाही. गावातली माणसं शाळेसाठी पैसे काढतात की नाही, यापेक्षा साधी कसोटी मला सुचत नाही.

खडकवाट
पटलं नाही. सोमालियात बहुतेक सगळ्यांची भाषा एक, धर्म एक, गुराढोरांभोवतीचं जगणंही बरंचसं एक. १९९१ मध्ये सरकार कोसळलं आणि कुळाकुळांत लढाई जुंपली. उलट स्वित्झर्लंड: भाषा वेगळ्या, पंथ वेगळे, १८४७ मध्ये आपसात युद्धही झालं. पुढच्याच वर्षी राज्यघटना आली, कँटनांचे, म्हणजे प्रांतांचे, अधिकार लिहून ठेवले गेले आणि गाडं रुळावर आलं. माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात ती न्यायालय, कर आणि नोकरभरती सगळ्यांना सारखी लागू झाल्यावर. मूल्यं त्यानंतर जुळतात. तुम्ही क्रम उलटा लावताय.

ओलेती माती
खडकवाट, मी तुमच्याही पुढे जाऊन सांगते. रवांडात हुतू, तुत्सी, त्वा या तिन्ही गटांची भाषा एकच, किन्यारवांडा. 'उमुगांडा' ही सार्वजनिक श्रमाची रीत सगळ्यांची. १९९४ च्या तुत्सींच्या हत्याकांडात याच उमुगांडासाठी माणसं गोळा करण्याची गावपातळीवरची यंत्रणा मारेकरी गोळा करायला वापरली गेली. शेजाऱ्याच्या मदतीला जायची सवय शेजाऱ्याला मारायला वापरली. हे वाचल्यापासून 'समान मूल्यं' हा शब्द मला सहज उच्चारता येत नाही.

आणि तरीही त्याच देशाने पुढे उमुगांडा पुन्हा सुरू केलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लोक रस्ते, गटारं, शाळांच्या कामाला बाहेर पडतात. रीत तीच. मग फरक कशाने पडला?

सावली
ओलेती माती, तुमच्या प्रश्नाने मला थांबवलं. माझं मूळ म्हणणं अपुरं होतं, हे मान्य. नुसती समान मूल्यं असून भागत नाही. ती समान ठेवण्यासाठी बलवान गटाने काय सोडलं, ते पाहायला हवं.

इंडोनेशियात जावानीज लोक सुमारे ४० टक्के. तरी १९२८ च्या युवक प्रतिज्ञेत, म्हणजे तरुण राष्ट्रवाद्यांनी घेतलेल्या एकतेच्या शपथेत, एकतेची भाषा म्हणून त्यांची जावानीज घेतली नाही. व्यापाराची, बंदरांची मलय घेतली. समोरचा लहान की मोठा यावरून जावानीजमध्ये बोलण्याच्या पायऱ्या बदलतात. मलयमध्ये ते ओझं फार कमी. सगळ्यात मोठा गट आपल्या भाषेसाठी अडून बसला नाही, म्हणून पुढे 'गोतोंग रोयोंग', म्हणजे मिळून भार उचलणं, हे सगळ्यांचं म्हणून सांगता आलं. उलट श्रीलंकेत १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा केलं. तामिळ आणि सिंहली घरांत कुटुंब, शिक्षण, पाहुणचार यांबद्दलच्या कल्पना किती जवळच्या! त्या जवळिकीचा काही उपयोग झाला नाही. आधी दंगली, मग यादवी, ती २००९ मध्ये संपली.

खडकवाट
म्हणजे राजभाषेचा कायदा, वाटपाचा नियम. माझ्याच मुद्द्यावर आलात. शिवाय तुमच्या उजामाची दुसरी बाजू राहिली. १९७३ पासून लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या गावांत हलवलं, काही ठिकाणी जुनी घरं पाडली. शेतीची घडी विस्कटली, दुष्काळाचीही भर पडली आणि धान्य बाहेरून आणावं लागलं. कुटुंबभाव सरकारी हुकमाने लादला की असं होतं.

सावली
सक्तीचं समर्थन मी करणार नाही. तिथे न्येरेरे चुकलेच. पण एक पाहा. ती शेती फसली, धोरण मागे पडलं, १९८५ मध्ये न्येरेरे पायउतार झाले, तरी स्वाहिली टिकली आणि देश जमातींच्या रेषांवर फुटला नाही. तुमचा नियमच सगळं करत असेल, तर नियम मोडकळीस आल्यावरही हे का टिकलं?

ओलेती माती
न्येरेरे स्वतः झानाकी या अगदी लहान जमातीचे होते. त्यांच्या जागी मोठ्या जमातीचा नेता असता तर?