हॉलिवूडचे मोठे चित्रपट: कानठळ्या बसतात, पण संवाद कुठे आहेत?

खर्जातला सा:
प्रेक्षकाला इंग्रजी येतं, तरी खाली सबटायटल नसतील तर निम्मे संवाद हवेत विरतात. "आपल्याला त्यांचे उच्चार कळत नाहीत" म्हणून हे झटकून टाकू नका, खुद्द अमेरिका-इंग्लंडात हीच ओरड आहे. २०१४ साली ख्रिस्टोफर नोलनचा 'इंटरस्टेलर' लागला तेव्हा तिथल्या एका चित्रपटगृहाने चक्क पाटी लावली होती की आमची यंत्रणा ठणठणीत आहे, चित्रपटाचा आवाजच असा मिक्स केलेला (संवाद, संगीत आणि इफेक्ट्स असेच एकत्र जुळवलेले) आहे. त्याआधी डिसेंबर २०११ मध्ये नोलनच्याच 'द डार्क नाइट राइझेस'चा सुरुवातीचा तुकडा आयमॅक्समध्ये दाखवला, तेव्हा मुखवट्याआडून खलनायक बेन काय बोलतोय ते कोणाला कळेना. जुलै २०१२ ला चित्रपट आला तोवर त्याचा आवाज सुधारला होता. म्हणजे मनात आणलं तर दुरुस्ती होते.

मग त्याच नोलनच्या 'टेनेट'मध्ये का नाही? कथानक असं की एक वाक्य निसटलं की पुढचा अर्धा तास चाचपडायचं, आणि महत्त्वाची वाक्यं नेमकी मास्क लावून किंवा भर वाऱ्यात शर्यतीच्या बोटीवर! मुंबईतल्या प्रसंगात डिंपल कपाडिया जे बोलते ते त्यातल्या त्यात कळतं, कारण तिथे ना मास्क ना वारा.

माझ्या मते दोष दिग्दर्शकाचा आणि मिक्सिंगच्या टेबलाचा. तिथे बसलेल्यांना प्रत्येक वाक्य पाठ असतं. शंभर वेळा ऐकलेलं वाक्य संगीताखाली पार गाडलं तरी त्यांचा मेंदू ते भरून काढतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याकडे ती सोय नाही. एखाद्या नवख्या माणसाला, हातात पटकथा न देता, बसवून ऐकवणं इतकं अवघड आहे का?

गुलाबी गोंगाट:
असहमत. आधी आपल्या चित्रपटगृहाच्या प्रोजेक्शन खोलीत डोकवा, मग दिग्दर्शकाला धरा.

चित्रपटाचं मिक्सिंग ठरलेल्या पातळीवर होतं. पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसंध खरखराट) सोडून प्रेक्षकाच्या जागी ८५ डेसिबल मोजतात, आणि त्या वेळी साऊंड प्रोसेसरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या यंत्राचा, आकडा ७ वर असतो. मिक्सिंगच्या खोलीत ७, चित्रपटगृहातही ७, असा करार आहे. प्रत्यक्षात काय होतं? जाहिराती आणि ट्रेलर कर्कश वाजतात, लोक तक्रार करतात, मॅनेजर आकडा ५ वर आणतो आणि मुख्य चित्रपटालाही तो तसाच राहतो. ४ ते १० या पट्ट्यात एका आकड्याला साधारण ३.३ डेसिबल. म्हणजे ७ चा ५ केला की पावणेसात डेसिबल गेले. कुजबुजीची वाक्यं थेट एसीच्या घरघरीत आणि पॉपकॉर्नच्या कुरकुरीत जाऊन बसतात.

खर्जातला सा:
हिशोब अर्धाच मांडलात. आकडा खाली आणला तर संगीतही तेवढंच खाली येतं. संवाद आणि संगीत यांच्यातलं अंतर तसूभरही बदलत नाही. एसीची घरघर शांत प्रसंगात आडवी येईल, मान्य. पण माझी तक्रार शांत प्रसंगांची नाहीच. ऑर्गन दणाणत असताना माणूस बोलतोय आणि फक्त ओठ हलताना दिसतात, त्याचं काय?

गुलाबी गोंगाट:
त्याचंही उत्तर तिथेच सापडतं, पण पडद्यामागे. संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, संगीत मुख्यतः डाव्या-उजव्या. आता मधल्या स्पीकरच्या वरच्या भोंग्यातला डायफ्रॅम (थरथरून आवाज काढणारी पातळ चकती) थकला किंवा फाटला तर काय होईल? संगीत तसंच झगझगीत राहील आणि फक्त संवाद गोधडीखालून आल्यासारखे वाटतील. स, श, फ, ट ही व्यंजनं साधारण २ किलोहर्ट्झच्या वरच्या भागात ओळखू येतात, आणि नेमका तोच भाग भोंगा सांभाळतो. शिवाय हा आवाज पडद्याच्या बारीक छिद्रांतून येतो. पडद्यामुळे वरचे स्वर थोडे मरतातच, ते यंत्रणा जुळवताना भरून काढतात. पडदा बदलला आणि जुळवणी पुन्हा केली नाही, की झालं.

ओळखायची सोपी खूण: त्याच पडद्यावर दुसरा, संवादप्रधान चित्रपट बघा. तोही बोथट वाटला तर दोष यंत्रणेचा. तो स्वच्छ ऐकू आला तर तुमचा दिग्दर्शक दोषी, मी माघार घेतो. ऐकायची जागा पडद्यापासून सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध. जुळवणीही तिथलाच आवाज धरून करतात.

रिळवाला:
दोघेही मिक्सिंगच्या टप्प्यावरच भांडताय. पाणी त्याच्या कितीतरी आधी मुरतं, सेटवर.

पूर्वी लांबचा शॉट वेगळा, जवळचा वेगळा घ्यायचे. जवळच्या शॉटला बूम माइक (लांब दांड्याला लावलेला माइक) चौकटीच्या जेमतेम बाहेर, नटाच्या डोक्यावर दीड-दोन फुटांवर येऊ शकायचा. आता दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात, एक लांबचा, एक जवळचा. लांबच्या चौकटीत बूम दिसू नये म्हणून तो वर आणि दूर जातो. मग उरतो कपड्यांत लपवलेला कॉलर माइक. त्याला कापडाची सळसळ लागते, छातीचा घुमारा येतो आणि व्यंजनं दबतात. त्यात आजच्या नटांची पुटपुटण्याची शैली. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात बरेच नट रंगभूमीवरून आलेले, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द फेकायची सवय असलेले. तो बाज आता नाटकी वाटतो म्हणून टाकून दिला.

नोलनच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. आयमॅक्सचा फिल्म कॅमेरा भलताच आवाज करतो, आणि या गृहस्थाला नंतर स्टुडिओत डबिंग करायला आवडत नाही, सेटवरचाच अभिनय हवा असतो. दोन्ही हट्ट एकत्र आले की किंमत शब्दांनी मोजायची.

खर्जातला सा:
बरोब्बर! म्हणजे शेवटी हट्टच. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' बघा. वेलिंग्टनचा स्टुडिओ विमानतळाजवळ, डोक्यावरून विमानं. संवादांचा फार मोठा भाग नंतर डब करावा लागला. कोणाला खटकलं? शब्द न् शब्द कळतो.

अर्धविराम:
जरा थांबा. प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे हा आग्रह रेडिओचा, चित्रपटाचा नाही. 'डंकर्क'मध्ये संवाद मुळात कमी. त्यातलेही बरेच इंजिन, लाटा आणि गोळीबारात बुडालेले. तरीही त्याला २०१८ च्या सोहळ्यात ध्वनीची तेव्हाची दोन्ही ऑस्कर मिळाली, मिक्सिंगचं आणि एडिटिंगचंही. किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकालाही शेजारचा काय म्हणतोय ते धड ऐकू येत नसणार. तो गोंधळ हाच अनुभव आहे.

आपले कान डबिंगवर वाढलेत, हेही विसरू नका. 'लगान' (२००१) पर्यंत हिंदीत सिंक साऊंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच मुद्रित केलेला आवाज, हा अपवाद. सगळं स्टुडिओतल्या माइकसमोर, स्वच्छ, सपाट. जंगलात आणि बाथरूममध्ये आवाज सारखाच. त्या सवयीला खरा आवाज अस्पष्ट वाटणारच. एवढं सगळं ऐकायचं असेल तर हिंदी डब बघा.

खर्जातला सा:
'डंकर्क'चा दाखला मान्य, कारण तिथे शब्दांवर काही अडलेलं नाही. पण 'टेनेट'मध्ये पात्रं पदार्थविज्ञान समजावतात! समजवायचंही आणि ऐकूही द्यायचं नाही, याला अनुभव नाही, आडमुठेपणा म्हणतात.

रिळवाला:
हिंदी डब हा उपाय चेष्टेत सांगितलात, पण तांत्रिकदृष्ट्या तो खरा आहे. परदेशी आवृत्तीसाठी संगीत आणि इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक जातो, त्यात संवाद नसतात. त्यावर बंद खोलीत ध्वनिमुद्रित केलेले हिंदी संवाद बसवतात. साहजिकच ते वर तरंगतात. तोटा असा की श्वास, दम लागणं, खोलीचा घुमारा, सगळं नव्याने बनवावं लागतं आणि बहुतेक वेळा घाईत बनतं. शब्द मिळतो, माणूस हरवतो.

चिकित्सक काकू:
चित्रपटगृहाचं भांडण चालू द्या. बहुतेक जण हे चित्रपट शेवटी घरी टीव्हीवर बघतात, आणि तिथला घोळ निम्मा आपल्या हातात आहे.

टीव्हीला स्पीकर दोन, तेही खाली किंवा भिंतीकडे तोंड केलेले. चित्रपट येतो ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. टीव्ही मधल्या स्पीकरचा आवाज ३ डेसिबलने कमी करून डाव्या-उजव्यात मिसळतो, मागचे स्पीकरही बहुधा तसेच त्यात कोंबतो, सबवूफरचा ट्रॅक सहसा टाकून देतो. संवादाला स्वतःची जागाच उरत नाही.

करायचं ते असं. ॲपच्या ऑडिओ यादीत '५.१' ऐवजी साधा स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो निवडा. मग टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये जाऊन 'सिनेमा' आणि 'सराउंड' बंद करा, 'क्लिअर व्हॉइस' किंवा तत्सम नावाचं जे असेल ते चालू करा. नाइट मोड मोठे आवाज दाबतो आणि बारीक वर काढतो. रात्री शेजारी झोपलेले असताना तो हवाच. साऊंडबारला मधला स्पीकर वेगळा असेल तर फक्त त्याची पातळी २ ते ४ डेसिबल वाढवा. त्याहून जास्त वाढवलं की आवाज नाकातून आल्यासारखा होतो. बास कमी करा, वाढवू नका. प्राइम व्हिडिओवर २०२३ पासून काही चित्रपट-मालिकांना 'डायलॉग बूस्ट' मिळतो, तोही बघा.

सगळ्यात वाईट चूक लॅपटॉपवाल्यांची: सेटिंग ५.१ आणि जोडलेले स्पीकर दोनच. तेव्हा मधला ट्रॅक कुठेच जात नाही. संगीत जोरात, पक्ष्यांचा किलबिलाट सुरेख, आणि माणसं मुकी. सेटिंग स्टिरिओवर आणलं की पात्रांना वाचा फुटते.

गुलाबी गोंगाट:
काकूंना +१. एक भर. नेटफ्लिक्सला मिक्स देताना संवादांची सरासरी पातळी उणे २७ डेसिबलच्या आसपास (शून्य म्हणजे डिजिटल आवाजाची कमाल मर्यादा), दोन इकडे-तिकडे, ठेवावी लागते आणि कमाल शिखर उणे २. म्हणजे संवादाच्या सरासरीवर स्फोटाच्या शिखराला जवळपास २५ डेसिबलची मोकळीक. नियम पाळूनही रिमोट हातात धरून बसावं लागतं ते यामुळे.

खर्जातला सा:
मग हा नियम मला पाठिंबा देतो की तुम्हाला? संवाद किती मोठा हवा हे ठरलंय. त्याच क्षणी त्याच्या मागचं संगीत किती खाली हवं, हे कुठे ठरलंय?

गुलाबी गोंगाट:
कुठेच नाही. ते टेबलावर बसलेल्याच्या कानावर सोडलंय. पण भोंगा तपासून घ्या, एवढं म्हणणं कायम.