चरबी ती चरबीच? की गुरं काय खातात त्यावर ठरतं?

रानवारा:
"गुरानं गवत खाल्लं काय नि मका खाल्ला काय, चरबी ती चरबीच," असं एका ओळखीच्यांनी ठामपणे सांगितलं. मला हे अजिबात पटत नाही. बीफचे दोन तुकडे शेजारी ठेवून बघा. रानात चरलेल्या जनावराची चरबी पिवळसर असते, कारण हिरव्या चाऱ्यातलं बीटा-कॅरोटीन तिच्यात साठतं. धान्यावर पोसलेल्याची पांढरी. आतला फरक त्याहून मोठा. गवतावरच्या मांसात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या दोन असंतृप्त मेदाम्लांचं (मेदाम्लं म्हणजे चरबीचे घटक) प्रमाण साधारण २ ला १, धान्यावरच्या मांसात ते ७-८ ला १ पर्यंत जातं. म्हणून जनावराचा खुराक पाकिटावर छापलाच पाहिजे, असं माझं मत आहे.

सुमेधा_क:
तुमचे ओळखीचे वाटतात तितके चूक नाहीत. डुकराला जवस घातला की त्यातलं तेल बरंचसं तसंच चरबीत उतरतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं तसं होत नाही. चारा आधी कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात जातो, आणि तिथले जिवाणू असंतृप्त मेदाम्लांना हायड्रोजन जोडून ती संतृप्त करून टाकतात. गवतातलं लिनोलेनिक आम्ल, म्हणजे त्यातलं ओमेगा-३, बहुतांशी स्टिअरिक हे संतृप्त मेदाम्ल होऊनच पुढे सरकतं. उरतं किती? १०० ग्रॅम बिनचरबीच्या मांसात जेमतेम दोन आकडी मिलिग्रॅम ओमेगा-३. तेवढ्याच सामन माशात एक ग्रॅमहून जास्त. नुसत्या गुणोत्तरावर जाऊ नका, मिलिग्रॅम मोजा.

रानवारा:
मिलिग्रॅमचा मुद्दा मान्य. पण कोठीपोटातलं काम दर वेळी शेवटापर्यंत जात नाही. वाटेत व्हॅक्सिनिक आम्ल तयार होतं, आणि जनावराच्या शरीरात त्याचं सीएलए (कॉन्ज्युगेटेड लिनोलेइक आम्ल) हे असंतृप्त मेदाम्ल बनतं. भरपूर धान्य दिलं की पिष्टामुळे कोठीपोट आंबट होतं, जिवाणूंची वाट बदलते आणि वेगळीच ट्रान्स मेदाम्लं वाढतात. मग खुराकानं फरक पडत नाही असं कसं म्हणायचं?

गोठा_आणि_मी:
मी वर्षानुवर्षं गुरं सांभाळली आहेत, दोघांनाही थोडं सांगायचंय. गवतावरच्या गुराची चरबी ताटात लगेच थिजते, टाळूला चिकटते. तिच्यात स्टिअरिक जास्त. धान्यावरची मऊ राहते, कारण तिच्यात ओलेइक जास्त असतं, ऑलिव्ह तेलात असतं तेच. म्हणजे 'धान्य वाईट, गवत चांगलं' इतकं हे सरळ नाही. स्टिअरिकनं वाईट कोलेस्टेरॉल वाढत नाही हेही खरं, आणि धान्यावर एकूण चरबीच जास्त चढते हेही खरं. शिवाय जातीचा वाटा मोठा. वाग्यू या जपानी जातीच्या गुरांची चरबी मऊ असते ती काही नुसत्या खुराकामुळे नाही.

आणि 'गवत' म्हणजे नेमकं कोणतं? कापून उन्हात वाळवलं की पानं झडतात, आणि लिनोलेनिक पानांतच जास्त. कोवळ्या हिरव्या कुरणावरचं गुरू आणि गंजीतल्या वाळल्या चाऱ्यावरचं गुरू, दोघांवर एकच शिक्का मारणं मला चुकीचं वाटतं.

सुमेधा_क:
हे पटलं. तरीही ओमेगा-३ साठी बीफ घ्या असं मी कुणाला सांगणार नाही.

रानवारा:
तसं मीही सांगणार नाही. पण माझी मागणी आता बदलतो. जनावर जन्मभर चरलं आणि शेवटचे तीन-चार महिने मक्यावर ठेवलं, तर चरबीची घडण तेवढ्यात धान्याकडे झुकते. तेव्हा 'गवतावर वाढवलेलं' एवढं छापून भागणार नाही. शेवटी काय घातलं आणि किती दिवस घातलं, हे लिहा.